लोणंदच्या तळावरचे पाय

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घडते आणि पालखी सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा आमच्या दिंडीतले निम्मे लोक लंगडत असतात. आम्ही सांगलीकडचे, उसाच्या रानात राबणारे. तरी लोणंदच्या तळावर खाली बसताना "विठ्ठला!" असा उद्गार निघतोच.

चुलतभावाचा मुलगा पहिल्यांदाच वारीला आला होता. मला म्हणाला, "काका, मी एसटीनं घरी जातो. माझी भक्तीच कमी पडतेय." पायांपेक्षा ही शंकाच त्याला जास्त सलत होती. मी विचारले, "जेजुरीचा गड कसा उतरलास?" म्हणाला, "पळत."

चालताना येणारा थकवा वेगळा. स्नायूंतला साखरेचा साठा कमी होतो, घामावाटे पाणी आणि मीठ जाते, मेंदूही हात आखडता घेतो. विसावा, पिठलं-भाकरी आणि रात्रीची झोप मिळाली की बरेचसे भरून येते. दोन दिवसांनी उठणारा ठणका मात्र उताराचा. पायऱ्या उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात, त्यांच्या धाग्यांना बारीक इजा होते. दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवते. लॅक्टिक आम्ल साठून पाय दुखतात असे अजूनही सांगतात, पण ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून जाते. जेजुरी, मग वाल्हे, मग लोणंद. हिशेब बरोबर जुळतो. भरून आलेला स्नायू पुढच्या वेळी तेवढ्याच कामाने तितका कुरकुरत नाही.

पोरगा थांबला. दुसऱ्या दिवशी तरडगावचा टप्पा लहानच. सावकाश चालल्याने पाय मोकळे होतात. चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले तेव्हा टाळ त्याच्या हातात होता.

थकव्याला मनाचा कमकुवतपणा म्हणणाऱ्यांना मी आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवायला सांगतो. १९५२ साली हेलसिंकीत जपानच्या इशींशी लांबलेली कुस्ती झाल्यावर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढावे लागले. ती कुस्ती गेली, कांस्यपदक मिळाले. त्यांचे मन कच्चे होते असे कोण म्हणेल?

म्हाताऱ्या माउलींना एक विनवणी. दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी, पाणी न पिता, मूठ-मूठ घेऊ नका. मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी चहासारखी गडद झाली, एकच पोटरी सुजून गरम लागली, छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर तो साधा थकवा नव्हे. विणेकऱ्यांना सांगा आणि वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे त्याच वेळी जा, मुक्कामापर्यंत थांबू नका.