एकतीस अंश

मागच्या मे महिन्यात नातू पुण्याहून आठ दिवसांसाठी दारव्ह्याला आला. सोबत लॅपटॉप, वायरींचा गुंता आणि पाटीएवढा एक करडा पडदा. "हे काय रे?" विचारलं तर म्हणाला, "आबाजी, हा इलेक्ट्रॉनिक कागद. मी याचा ड्रायव्हर लिहितोय." ड्रायव्हर म्हणजे एसटी चालवणारा, एवढंच आम्हाला ठाऊक! म्हटलं, "मराठीत सांग, मग ऐकतो."

यात माझा थोडा स्वार्थ होता. दहावीपर्यंत तो इथल्या मराठी शाळेत शिकला तो माझ्या हट्टामुळे. सून इंग्रजी शाळा म्हणत होती. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तो फोनवर म्हणाला, "वर्गातलं अर्धं समजतच नाही, आबाजी. तुमच्यामुळे." पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. मी मात्र विसरलो नव्हतो.

आधी अडखळला, मग त्याला वाट सापडली. या पडद्यात केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येकीत पारदर्शक द्रव आणि त्यात काळे-पांढरे कण. एका दिशेनं वीज दिली की पांढरे वर येतात, उलट दिली की काळे. वीज बंद केली तरी कण जागचे हलत नाहीत. पडदा स्वतः उजेड फेकत नाही, म्हणून कागदासारखा वाचता येतो. (मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोबाइल डोळ्यांना खुपतो, त्यामुळे इथे मी कान टवकारले.)

कॉम्प्युटरच्या मेमरीत पडद्याचा एक नकाशा असतो, प्रत्येक ठिपक्याची छटा लिहिलेला. तो फ्रेमबफर. ड्रायव्हर म्हणजे तो नकाशा पडद्याच्या कंट्रोलर चिपपर्यंत पोचवणारा प्रोग्राम. साधा पडदा सेकंदाला साठ वेळा नव्यानं रंगतो. हा कागद मंद, त्याला एकेका अक्षरासाठी हलवणं परवडत नाही. 2008 साली जया कुमार यांनी लिनक्ससाठी 'मेट्रोनोम' नावाच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लिहिला, तो नातवानं नमुना म्हणून समोर ठेवला होता. त्यात युक्ती अशी, की नकाशात पहिला बदल झाला की एक सेकंद थांबायचं आणि तोवर साठलेले सगळे बदल एकदमच पाठवायचे.

"तुम्ही नाही का पडवीतल्या फळ्यावर लिहिताना म्हणायचे, मी बाजूला झाल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही? तेच हे," तो म्हणाला.

अडतीस वर्षं खडू झिजवला, पण असं काही कानावर पडेल असं वाटलं नव्हतं.

त्याचं काम मात्र अडलं होतं. पान बदललं तरी आधीच्या अक्षरांची सावली उरायची आणि करड्या छटा भलत्याच यायच्या. पुण्यात ठीक चालत होतं म्हणे. आमची ही पोहे घेऊन आली आणि बघून म्हणाली, "काऊन रे, पुसलं तरी दिसूनच राह्यलं?" ओल्या फडक्यानं पुसायला निघाली होती, मीच थांबवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं एकदम कपाळावर हात मारला. कणांना कुठल्या दिशेनं, किती वेळ ढकलायचं याचे तक्ते असतात आणि तापमानागणिक तक्ता वेगळा. थंडीत द्रव दाट होतो, कण हळू सरकतात, उन्हात भरभर. नमुन्याच्या ड्रायव्हरमध्ये तापमानाच्या जागी थेट 31 लिहिलेलं आहे. यानं तो आकडा तसाच उचलला होता. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला! मी त्याला भिंतीवरचा थर्मामीटर दाखवला. कूलर चालू असून खोलीत अडतीस होतं.

"मग कोणता आकडा टाकशील?"

"कोणताच नाही. पडद्यालाच विचारायचं, आत्ता किती आहे ते. सेन्सर आहे त्यात, मीच वापरला नव्हता."

संध्याकाळपर्यंत सावली गेली. त्यानं आजीचं नाव लिहिलं, पुसलं, माझं लिहिलं. स्वच्छ.

तेव्हा धीर करून विचारलं, "ते पहिल्या वर्षीचं, फोनवरचं, अजून वाटतं का रे तसं?"

"कोणतं?" वायरी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला. खरंच विसरला होता की मला सांभाळून घेत होता, काही कळेना. आणखी विचारणार, तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला, पंखा थांबला. त्या करड्या पाटीवर माझं नाव तेवढं तसंच होतं.