दोन वाट्या क्षार

"अगं, आजही पाणी कोमटच आलंय," आईने बाथरूममधून हाक मारली. डिसेंबर 2024. आईची पंच्याहत्तरी उलटलेली, सकाळी गुडघे आखडतात. बादलीभर कढत पाणी हे तिचं अर्धं औषध.

आमचा गीझर 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा. मुंबईच्या थंडीत एवढं पाणी 60 अंशांपर्यंत तापायला साधारण वीस मिनिटं लागतात. आमच्याकडे लाल दिवा त्याच्या कितीतरी आधीच विझायचा आणि पाणी कोमट ते कोमटच. शिवाय आतून फुटाणे भाजावेत तशी तडतड. बघायला आलेला पहिला मेकॅनिक वर बघून म्हणाला, "सहा वर्षं झाली ना? आता नवाच घ्या." आमच्या इमारतीचं विजेचं काम करणारे दादा मात्र म्हणाले, "ताई, नवा उद्याही मिळेल. आधी हा उघडून बघू."

रविवारी उघडला. दादांनी नुसतं बटण बंद केलं नाही, एमसीबी खाली पाडला आणि टेस्टर लावून खात्री केली. अँगल कॉक बंद करून, खालचा पाइप सोडून टाकी रिकामी केली. वायरी काढण्याआधी मला मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लावला. मग नट सोडून कॉइल अलगद खाली ओढली.

करंगळीहून बारीक नळीची ती कॉइल. तिच्यावर पांढरट-पिवळा थर असा चढला होता की वळणांमधल्या फटीही बुजल्या होत्या. शेजारची थर्मोस्टॅटची नळीही त्याच थरात गाडली गेलेली. "ताई, कॉइल गेलेली नाही. तिला खार चढलाय," दादा म्हणाले आणि कोमट पाण्याचं कोडं त्यांनी तिथेच उलगडलं. थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात पटकन उतरत नाही, ती थराच्या आतच कोंडते. थर्मोस्टॅटला वाटतं पाणी तापलं, तो वीज तोडतो. दिवा विझतो, पाणी कोमटच राहतं. आणि थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ फुटते, ती तडतड. टाकीच्या तळाशी पडलेले कपचे मी हाताने परातीत काढले. आईच्या आमटीच्या वाटीने मोजले, दोन वाट्या भरले.

प्लास्टिकच्या बादलीत गरम पाणी घेतलं, लिटरमागे 50 ग्रॅम लिंबूफूल विरघळवलं आणि कॉइल त्यात सोडली. वायरी जोडायची टोकं वर, कोरडी. लगेच बारीक बुडबुडे उठले. सोड्यावर लिंबू पिळल्यासारखे. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आपल्या साताऱ्याच्या घरी बंबाला चिंच लावायचो, ती अशीच खार सोडवायची." तासाभरात थर मऊ झाला, जुन्या टूथब्रशने निघाला आणि खालून धातूची चकाकी दिसली.

संडास साफ करायचं ॲसिड लवकर काम करेल, असं मला वाटलं होतं. दादांनी ठाम नकार दिला. ते क्षाराबरोबर कॉइलचा धातूही खातं. कॉइल सुरीने खरवडायचीही नाही.

टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. टाकीच्या लोखंडाऐवजी तो स्वतः झिजतो, म्हणून टाकीला गंज लवकर धरत नाही. आमच्या दांड्याची नुसती मधली तार उरली होती. नवा दांडा बसवला, रबराचं गॅस्केटही नवं घातलं. शेवटी गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरू दिली आणि मगच एमसीबी वर केला. रिकाम्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते.

एवढा क्षार आला कुठून, हा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. मुंबईला पाणी येतं ते भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांतून. ते पावसाचं साठवलेलं पाणी, त्यात क्षार कमी. पण 2024 च्या उन्हाळ्यात पाणीकपात झाली, 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के. तेव्हा आमच्या सोसायटीने फ्लशसाठी असलेलं बोअरचं पाणी टेरेसवरच्या मुख्य टाकीत सोडलं. जुलैअखेर कपात उठली, पण तो व्हॉल्व्ह कुणी बंद केलाच नाही. जमिनीतून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत येतं. तापलं की त्यातलं कॅल्शियम दगड होऊन कॉइलवर बसतं. त्यात आम्ही राहतो त्या गोवंडीला ठाण्याची खाडी जवळ, आमच्या बोअरचं पाणी जिभेलाही मचूळ लागतं. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, ही तक्रार इमारतीत घरोघरी होती. प्रत्येकजण आपापल्या कुकरला आणि साबणाला दोष देत होता.

कमिटीच्या बैठकीत मी दोन बाटल्या नेल्या. एकीत पालिकेचं पाणी, दुसरीत टेरेसवरच्या टाकीतलं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवलं. पहिलीत बोटभर फेस उभा राहिला, दुसरीत पांढरी साय तरंगली. त्या दोन वाट्या कपचेही टेबलावर ठेवले. व्हॉल्व्ह त्याच संध्याकाळी बंद झाला.

पुढच्या ऑक्टोबरात गीझर पुन्हा उघडला, तेव्हा चमचाभर चुरा निघाला. आईच्या बादलीतून आता वाफ येते. तुमचा गीझर तडतडत असेल तर नवा आणण्याआधी जाणकाराकडून एकदा उघडून घ्या. आणि त्याच दिवशी खाली जाऊन विचारा, आपल्या टाकीत पाणी नेमकं कुठलं येतं.