दुकानाची जागा

दुकान काढणाऱ्याने आधी जागा पाहावी, असे जुनी माणसे सांगत. जागा पेठेत असावी, पावसाचे पाणी आत येऊ नये, मालक भला असावा. दुकान इंटरनेटवर निघाले म्हणजे ही काळजी मिटली, असे कोणालाही वाटेल. पण छे! सावंतवाडीच्या माझ्या मावशीचा मालवणी मसाला, कुळथाचे पीठ, आमसुले आणि कोकमाचे आगळ इंटरनेटवर मांडायचे ठरले आणि जागेचा शोध माझ्या गळ्यात पडला. मराठी घेऊन बी. ए. करणारीला रिकामा वेळ भरपूर असतो, अशी आमच्या घरातली ठाम समजूत आहे.

या जागेचे नाव कन्टेंट मॅनेजमेंट सिस्टिम. मराठीत 'आशय-व्यवस्थापन प्रणाली'. ते ऐकून मावशी म्हणाली, "म्हंजे काय गो, सरकारी योजना?" मालाचे फोटो, भाव, शिल्लक, गिऱ्हाइकांचे पत्ते, ऑर्डरी हे सारे जिच्यात राहते आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्या दुकानदारालाही जे बदलता येते, अशी ती व्यवस्था.

मला पहिला मोह पडला तो शॉपिफायचा. तिची जन्मकथाच मोठी गमतीची आहे. टोबियास ल्युट्के या जर्मन तरुणाने कॅनडात २००४ साली बर्फावर घसरायच्या फळ्या विकण्यासाठी इंटरनेटवर दुकान काढले. मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्याने ते स्वतःच लिहिले, आणि २००६ पासून जोडीदारांसह फळ्यांऐवजी ते सॉफ्टवेअरच भाड्याने द्यायला सुरुवात केली. तिथे सारे तयार मिळते. छप्पर गळले तर मालक बघतो. वजनावर टपालखर्च आकारण्याची सोयही आहे. ही बाब क्षुल्लक नव्हे; काचेच्या बाटलीतले आगळ आणि पाव किलो मसाला एकाच दराने पाठवणाऱ्याचे दिवाळे निघायला वेळ लागत नाही. पण दरमहा भाडे आलेच, आणि पैसे स्वीकारण्याची त्यांची स्वतःची सोय न वापरता दुसऱ्याची वापरली तर प्रत्येक विक्रीवर वेगळा आकार.

दुसरी वाट वर्डप्रेसची. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली हे लेखनासाठी सुरू केले. त्यावर २०११ साली वूकॉमर्स हे दुकानाचे प्लगइन आले. दोन्ही मुक्त परवान्याची, बिनपैशाची. सर्व्हरचे पैसे मात्र भरावे लागतात, आणि वजनानुसार टपालखर्च हवा तर आणखी एक प्लगइन शोधावे लागते. शिवाय कोकणातल्या घरासारखे हे सतत शाकारावे लागते. नव्या आवृत्त्या वेळेवर चढवल्या नाहीत तर चोर कुठून शिरेल, नेम नाही.

इतपत तुलना कोणीही करील. मावशीची गोष्ट निराळी होती. तीन वर्षांपूर्वी तिने एका कंपनीच्या जागेवर आपला माल ठेवला होता. कंपनीने आठवड्याच्या सूचनेने गाशा गुंडाळला, आणि दीडशे गिऱ्हाइकांचे पत्ते तिच्याबरोबर गेले. दादरच्या एक आजी दर मे महिन्यात दोन किलो मसाला मागवत. त्यांचा पत्ता आजतागायत सापडलेला नाही.

म्हणून मी प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारला: उठून जायची वेळ आली तर बरोबर काय नेता येईल? शॉपिफायमधून मालाच्या आणि गिऱ्हाइकांच्या याद्या उतरवून घेता येतात, हे मान्य केले पाहिजे. गिऱ्हाइकांचे पासवर्ड मात्र येत नाहीत, सजावट दुसरीकडे चालत नाही. वूकॉमर्सचा अख्खा डेटाबेस आपला. उचलावा आणि दुसऱ्या सर्व्हरवर ठेवावा. तरी घर स्वतःचे म्हणून निर्धास्त झोपावे असेही नाही. २००८ साली आलेले मॅजेंटो हेही मुक्त परवान्याचेच. २०१८ मध्ये ते अडोबीने घेतले, आणि जून २०२० मध्ये त्याच्या पहिल्या आवृत्तीची देखभाल थांबली. दुसरी आवृत्ती आतून इतकी वेगळी, की दुकानदारांना दुकान जवळजवळ नव्याने बांधावे लागले. वही तेवढी हातात राहिली.

मग मावशीलाच संगणकापुढे बसवले. मिरची महागली आहे, भाव बदल, म्हटले. दोन्हीकडे तिने तो बदलला. वर्डप्रेसची बटणे मराठीत करून दिली, तर चष्मा सावरून म्हणते, "इंग्रजीच बरा होता गो, अपडेट म्हटला की कळता!" मराठीच्या विद्यार्थिनीने हे निमूट ऐकून घेतले.

खरा पेच पुढेच होता. जूनमध्ये मी एम. ए.साठी मुंबईला जाणार. मग शाकारणार कोण? एवढ्या एका कारणासाठी भाड्याची जागा घ्यावी, असे माझे मन दोन दिवस सांगत होते. मावशीने दोन्ही खर्च वहीत मांडले आणि पत्ते आपल्याकडे राहणारी जागा घे म्हणाली. शेवटी वूकॉमर्स घेतले. सर्व्हर मात्र थोडा महाग, रोज प्रत काढून ठेवणारा आणि नव्या आवृत्त्या आपणहून चढवणारा. मसाला, पीठ, आमसुले मांडून झाली. टपालखर्चाचे प्लगइन अजून मनासारखे मिळालेले नाही, म्हणून आगळ तूर्त सावंतवाडीला येऊन नेणाऱ्यांसाठीच ठेवले आहे.