वाऱ्याच्या खालच्या अंगानं

12 ऑक्टोबर 2024, दसरा, घोडेगाव

सकाळी भाच्याचा विस्कॉन्सिनहून फोन. त्यानं तिकडे धनुष्याची पूजा केली. तिथे धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यात उघडतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतो. परवाना काढायचा, त्यात ठरवून दिलं असेल तेवढंच मारायचं. म्हणाला, "मामा, बंदूकवाला लांबून मारतो. मला हरणाच्या वीस-पंचवीस यार्डांत असावं लागतं. बाण सुटायच्या आधीचंच सगळं अवघड आहे."

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चिंकारा आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत. मारलं तर किमान तीन वर्षं कैद. हा कायदा मला मनापासून मान्य आहे. पण ते "आधीचं सगळं" शिकायला कुणाची बंदी नाही. हिवाळाभर तेवढंच करायचं ठरवलं: हरणाला कळू न देता जवळ जाणं आणि तसंच परत येणं.

18 ऑक्टोबर, शुक्रवार

आज बाजार. हमरस्त्यापर्यंत टेंपोंची रांग, म्हशींचे दात बघणारे व्यापारी, कांद्याच्या गाड्या. त्या गर्दीत शेरडं विकायला आलेले पारधी बाबा भेटले. वय सत्तरीच्या पुढचं. त्यांच्या वडिलांनी फास लावून हरणं धरलेली. मी मनातलं सांगितलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"मास्तर, कुणी इचारायला पाठवलंय का?"

नाही म्हटल्यावर एका अटीवर कबूल झाले: दोघांपैकी कुणाच्याही हातात काठीसुद्धा नको. माळावर पारध्याच्या हातात काठी दिसली की पुढचं कुणी ऐकून घेत नाही, म्हणाले. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायची वाट पाडली. तो कायदा 1952 साली रद्द झाला, तरी ती अट बाबांना 2024 मध्ये घालावी लागते.

27 ऑक्टोबर

पहाटे इमामपूर घाटाच्या बाजूचा डोंगर. पावसानंतरचं गवत पिवळं पडत आलंय. बाबांनी चिमूटभर फुफाटा हातातून सोडला आणि तो कुठे जातो ते बघत राहिले. नंतर मला टेकडीच्या वरच्या बाजूनं न नेता लांबचा वळसा घालून खालून नेलं. रात्रभर थंड झालेली हवा उताराला लागून खाली वाहते. वरून गेलो असतो तर आमचा वास आमच्या आधी हरणांपाशी पोचला असता. आठ-साडेआठला उन्हानं उतार तापला की हवा उलटी फिरते आणि वर चढू लागते. मधला थोडा वेळ ती कुठलीच नसते, भोवऱ्यासारखी फिरते. "तवा हलायचं न्हाई. बसून ऱ्हायचं," बाबा म्हणाले.

बसून राहिलो. तीन चिंकारे दिसले, दोन माद्या आणि एक नर. शेपटीचा काळा झुबका सारखा हलत होता. मग एकीनं पुढचा पाय आपटला, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढला आणि तिघंही गेली. कशानं ते मला कळलं नाही. बाबांनी मागे बोट दाखवलं: वारा फिरला होता.

16 नोव्हेंबर

आज बाबा गायपारध्यांविषयी बोलले. पारध्यांतली ही वेगळी शाखा. त्यांची गाय शिकवलेली असे. ती चरत चरत कळपाकडे सरकायची आणि माणूस तिच्या आडोशानं, तिच्या पायांच्या लयीत पाय टाकत चालायचा. गाय थांबली की तोही थांबायचा. हरीण आकाराला तेवढं भीत नाही, मधेच बदललेल्या चालीला भितं. गुराख्याच्या गुरांशेजारी चिंकारे निवांत चरताना मी कित्येकदा पाहिलेत. त्यामागचं हे कारण मात्र आज पहिल्यांदा ऐकलं.

संस्थानांत चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवणारे चित्तेवाले पारधीही होते. कोल्हापूरला ती परंपरा मोठी होती. भारतातला चित्ता गेला, काळवीट थोडके उरले आणि ही माणसं पालावर आली. दरबारानं त्यांच्या हाताला पैसे मोजले होते. त्यांचं डोकं पुढे कुणी वापरलंच नाही.

8 डिसेंबर

भाच्याला एक हरीण मिळालं. मटण शेजाऱ्यांत वाटलं. ऐकून वाईट वाटलं, पण त्याच्याशी भांडावंसं वाटलं नाही. तिथलं गणित वेगळं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरीण शिकारीनं संपत आलं होतं. मग नियम आले. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला, पुढे धनुष्यबाणावरही कर आला. आज तिथे ही हरणं कोट्यवधींत आहेत. आपल्याकडे माळच उरला नाही. मुळेच्या कालव्यानं नेवाशाच्या रानात ऊस आला, आमची घरं उभी राहिली. त्याबद्दल तक्रार कशी करू? पण माळावरच्या जनावराला उसात जागा नाही, तिथे बिबट्या राहतो.

12 जानेवारी 2025

नेवाशाला गेलो होतो. लाडमोडचं टेकाड लांबून पाहिलं. पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी 1954 पासून तिथे उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती, गारगोटीच्या जातीच्या दगडाची बोटाएवढी पाती. अशी पाती लाकडात बसवून हत्यारं करत. त्याच काळातल्या इनामगावात काळविटाची हाडंही सापडली आहेत. शेती करणारी, गुरं पाळणारी माणसं होती ती, तरी वारा बघायला त्यांना यावंच लागत असणार.

9 फेब्रुवारी, रेहेकुरी

कर्जत तालुक्यातलं काळवीट अभयारण्य, 1980 सालचं, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर. मुद्दाम बाबांना घेऊन गेलो. इथे लपायचं नव्हतं, ठरल्या वाटेवरून बघायचं होतं. काळाभोर नर नाक वर, कान खाली, शेपूट गुंडाळून संथ चालत होता. त्याच्या मुलखाच्या जागी लेंड्यांचे ढीग. बाबांनी ढिगांवरून सांगितलं, कुठला ताजा, कुठल्यावर नर आता येत नाही, माद्या कुठून शिरतात. सोबतचा तरुण वनरक्षक वही काढून लिहून घेऊ लागला. त्याचे प्रश्न चांगले होते. बाबा आधी तुटक बोलत होते, नंतर उभ्यानंच तासभर बोलले.

कळप संध्याकाळी हद्दीबाहेर शेतात जातात. शेजारच्या शेतकऱ्यानं खाल्लेला हरभरा दाखवला. भरपाई मिळते, पण पंचनाम्याच्या दिवसापर्यंत खाल्लेल्या शेंड्याला पुन्हा धुमारे येतात, नुकसान दिसत नाही. त्याचा राग मला रास्त वाटला. हरणं वाचवायची तर हे पैसे वेळेवर मिळायला हवेत. माझ्या लेखी ते मचाणापेक्षा महत्त्वाचं आहे.

14 मार्च, धुळवड

गवत संपलं, माळ उघडा. आता आडोसा नाही. घाटाजवळच्या उताराला एका चिंकाऱ्याच्या पंचवीस पावलांवर बसलो होतो. त्याच्या शिंगांवरची वळी दिसत होती. तो चरून उठला आणि आपल्या वाटेनं गेला, आमच्यामुळे नाही. भाच्याला रात्री लिहिलं. त्याचं लगेच उत्तर: "मामा, हेच. बाकी काही नसतं."

20 एप्रिल

12 मे ला बुद्धपौर्णिमा. त्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवर प्राणिगणना करतो. माझं, बाबांचं आणि त्यांच्या बारावीतल्या नातवाचं, तिघांची नावं अर्जात दिली. अशा कामांत पारध्यांची पोरं पगारावर असावीत, पाहुणी म्हणून नव्हे, हे अर्जाखाली वेगळं लिहिलं.

नातू मोबाइलवर गणनेचे नियम वाचून दाखवत होता. बाबांनी त्याला मधेच थांबवलं. "आदल्या दिशी साबन लावू नको. ती तेलाची बाटली घरी ठेव. आन मास्तर, तुमी ती तंबाखूची पुडी."