काकांच्या फियाटचा कार्बोरेटर

८ डिसेंबर २०२४, रविवार

शेजारच्या काकांची फियाट सकाळी कशीबशी सुरू झाली आणि आमच्या नंदनवन लेआउटची अख्खी गल्ली कच्च्या पेट्रोलच्या वासाने भरली. फियाट ११०० डिलाइट, मॉडेल १९७०. काकांच्या वडिलांनी नवी कोरी घेतलेली. चारही प्लग काढून पाहिले तर सगळ्यांवर काजळी. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी पडतेय. ॲव्हरेज किती, हे काकांना विचारायचीही सोय नाही, लगेच चेहरा उतरतो.

ओळखीचे मिस्त्री येऊन बघून गेले. "काहून डोकं लावता बाप्पा? मारुतीचा कार्बोरेटर बसवून देतो, मामला खतम." शिवाय आत्ता बसलेला फियाटचा नाहीच, जीपचा असन, असंही म्हणाले. काकांचा पुण्याचा पुतण्या फोनवर ठासून सांगतो की हा इटालियन वेबर आहे. कार्बोरेटरवर तर कुणीतरी जाड चंदेरी रंग फासून ठेवलाय, त्यामुळे ज्याला जे म्हणायचं ते म्हणता येतं.

मी काकांना म्हटलं, आठ-पंधरा दिवस द्या. काय बसलंय हे कळल्याशिवाय ते काढून टाकणं मला पटत नाही. आणि यात कागदपत्रांचाही प्रश्न आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं मिळतात. काकांना ती हवी आहेत. मग इंजिनावर दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर कशाला चढवायचा?

९ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी एअर फिल्टर उतरवला, नळी आणि लिंकेज सोडवलं, बुडाचे दोन नट काढले आणि कार्बोरेटर घरी टेबलावर आणला. उद्या-परवा कामाची गर्दी आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज निवांत बसलो. आधी ढोबळ वर्गवारी. मॉरिस घराण्याच्या जुन्या गाड्यांवर असायचा तसा एसयू हा नाही. एसयू ओळखायला डोळे किलकिले करावे लागत नाहीत. वर घुमटासारखी टोपी, आत वरखाली होणारा पिस्टन आणि त्याला लोंबणारी निमुळती सुई. इथे हवेचा गळा पक्क्या मापाचा आणि वाट वरून खाली. म्हणजे सोलेक्स किंवा वेबर.

पुतण्याचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. एदोआर्दो वेबरने १९२३ मध्ये बोलोन्यात कारखाना काढला आणि पुढे तो फियाटकडेच गेला. इटलीत या ११०० मालिकेवर वेबरही बसत आणि सोलेक्सही. पण काकांची गाडी इटलीतली नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती मुंबईत, कुर्ल्याला बांधलेली आहे.

वरच्या झाकणावर 'सोलेक्स' हे नाव रंगाखालूनही चाचपता येत होतं. त्यावर मी विसंबलो नाही. झाकण चार स्क्रूंचं धनी, या कार्बोरेटरचं त्या कार्बोरेटरवर सहज जातं. खरा पुरावा धडावर, म्हणजे फ्लोट चेंबरच्या ओतकामावर. तारेचा ब्रश मुद्दाम लावला नाही, कारण ही जस्ताची मिश्रधातू मऊ असते आणि उठावाची अक्षरं झिजून जातात. पेंट रिमूव्हर लावला, थांबलो, लाकडी काडीने हळूहळू खरवडलं. आधी ३ आणि २ दिसले, मग थोडं सरकून पी, बी, आय, सी.

सोलेक्स ३२ पीबीआयसी! प्रीमियरच्या फियाटवर आणि पुढे पद्मिनीवर येणारा हाच तो. व्हर्नियर लावून खालच्या बटरफ्लायच्या जागी मोजलं, बरोबर ३२ मिलिमीटर. आकडा त्याच व्यासाचा असतो. मॅनिफोल्डच्या तोंडावर गॅस्केटचा ठसाही एकच, मधे ॲडॉप्टर प्लेट नाही.

लगेच जाऊन काकांना सांगितलं. ते काही बोललेच नाहीत. आत गेले आणि वडिलांच्या काळची गाडीची फाइल घेऊन आले.

१४ डिसेंबर, शनिवार

मिस्त्रींचा मान राखून लिहायला हवं की त्यांचं जीपचं म्हणणंही हवेतलं नव्हतं. फ्रेंच लष्करासाठी हॉचकिसने बांधलेल्या एम-२०१ जीपवर हाच ३२ पीबीआयसी होता. ते इंजिन २,१९९ सीसीचं, काकांचं १,०८९ सीसीचं. नाव एक, अंगावरची अक्षरं तीच, पण एका इंजिनची भूक दुसऱ्याच्या दुप्पट. म्हणून नाव सापडलं की ओळख पटली असं मी मानत नाही. आत कोणता व्हेंच्युरी, म्हणजे हवेचा गळा, आणि कोणते जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकं, आहेत, यावर तो कार्बोरेटर कोणत्या इंजिनचा ते ठरतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन कालपासून इथे नागपुरात सुरू झालंय. सीताबर्डी-सिव्हिल लाइन्सकडे बंदोबस्त, म्हणून बाहेरची कामं टाळली आणि जेट काढायला बसलो.

मेन जेटवर १२० कोरलेलं. सोलेक्स आणि वेबरमध्ये हा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे भोक १.२० मिमी. जीपला शोभेल असा हा आकडा नव्हे, लहान इंजिनाचाच. व्हेंच्युरीही तसाच. मग प्लग काळे का?

ड्रिल बिटांचा डबा काढला. बिटाची धार नाही, मागची गुळगुळीत दांडी वापरायची, नाहीतर मोजता मोजता आपणच भोक वाढवून बसू. १.२ ची दांडी आत गेली आणि सैल हलू लागली. १.३ चीही गेली. भिंगातून पाहिलं तर भोकाच्या कडेला वर्तुळाकार ओरखडे. कुण्या जमान्यात कुणीतरी पिकअपसाठी जेट 'मोठा' केलेला आहे. आकडा मात्र तसाच राहिला, आणि जो तो आकडा वाचून जेट बरोबर म्हणत गेला असणार.

हे केवढं असतं ते मांडून पाहावं. १.२० चा व्यास १.३२ झाला तर वाढ दहा टक्के. भोकाचं क्षेत्रफळ मात्र वर्गाच्या हिशेबाने एकवीस टक्क्यांनी वाढतं. डोळ्याला फरक दिसतही नाही. याचा मला मनापासून राग येतो. जेट मोठा करायचाच तर आकडा खोडून टाकावा, पुढच्या माणसाला निदान शंका तरी येईल.

मुंबईला फोन लावला. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून हटल्या, पण त्यांच्या सुट्या भागांचे जुने साठे अजून लोकांकडे आहेत. कारखान्यातून आलेला, हात न लागलेला १२० चा जेट मिळेल म्हणाले. पाठवण्याआधी तिथेच दांडी घालून तपासा, असं निक्षून सांगितलं.

२५ डिसेंबर, बुधवार

जेट काल आला. आधी मोजला : १.२ ची दांडी अलगद बसते, १.३ ची अडते. फ्लोटची सुई, गॅस्केट नवीन टाकले. काका स्वतः नट आवळायला वाकले होते. गाडी सुरू झाली, दिघोरीपर्यंत जाऊन आलो. परतल्यावर पहिला प्लग काढला. काजळी बरीच जळून गेली होती, मधल्या चिनी मातीवर फिकट तपकिरी छटा धरू लागली होती. मिस्त्री आलेच होते, त्यांनी प्लग हातात फिरवला आणि म्हणाले, "जमलं न."

जुना जेट मी एका लिफाफ्यात घातला. वर लिहिलं : 'छाप १२०, प्रत्यक्षात १.३० च्या वर. वापरू नये.' लिफाफा काकांच्या फाइलमध्ये, खरेदीच्या पावतीमागे लावून दिला. फ्लोटची पातळी अजून एकदा तपासायची आहे, चढावर इंजिन किंचित अडखळतं. ते रविवारी.