पोरे सांभाळण्याची पदवी

शिक्षकाची किंमत त्याच्या विद्यार्थ्यांच्या उंचीवरून ठरते, असा आमच्या घरात एक अलिखित नियम होता. थोरले काका महाविद्यालयात शिकवीत. ते आले की त्यांच्यासाठी खुर्ची पुसली जाई. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात गणित शिकवीत. त्यांच्याकडे त्यांच्यासारखाच कोणी मास्तर आला तर त्याला खुर्ची मिळे, पण ती पुसलेली नसे. प्राथमिक शाळेचे गुरुजी ओट्यावर बसत. आणि गल्लीतल्या बालवाडीच्या बाई आल्या तर त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहूनच आईशी बोलत आणि तशाच परत जात. यात कोणाचा अपमान करावा असा कोणाचाच हेतू नसे. पाणी उतारावरून वाहावे तसा तो आदर वरून खाली ओघळत येई आणि बालवाडीपर्यंत पोचेतो आटून जाई.

त्यामुळे 1975 साली मी धुळ्याहून बडोद्याला जाऊन लहान मुलांच्या वाढीचा आणि शिक्षणाचा अभ्यास करणार असे जाहीर केले, तेव्हा घरात जे झाले ते अगदी साहजिक होते. अण्णा रागावले नाहीत. त्यांना खरोखरच कोडे पडले. "पोरे सांभाळायला पदवी कशाला लागते?" ते म्हणाले. "तुझ्या आजीने नऊ सांभाळली. तिला कुठे सही करता येते?"

या प्रश्नाला मजजवळ तेव्हा उत्तर नव्हते. होता तो केवळ हट्ट, आणि बडोद्याला दांडिया बाजारात राहणारे मामा. मामांनी लिहिले, "पाठवून द्या, आमच्याकडे एक पान जास्त." अण्णांना मामांचा शब्द मोडवेना.

बडोद्याला हा अभ्यास शिकवला जावा यात नवल नव्हते. सयाजीरावांनी आपल्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण अमरेली भागात 1893 मध्ये आणि पुढे 1906 मध्ये सर्वत्र लागू केले होते. 1949 मध्ये तिथे विद्यापीठ निघाले. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असे होते तिथे 'सर्व माणसे' असे लिहायला लावणाऱ्या त्या याच. त्या विद्यापीठात गृहविज्ञानाची शाखा आणि त्या शाखेत बालविकासाचा विभाग. पण 'गृहविज्ञान' हा शब्द आमच्या नातेवाइकांच्या कानी पडला मात्र, सगळ्यांची एकदम समजूत पटली. मुलगी स्वयंपाक शिकायला गेली. सुट्टीत घरी आले की कोणीतरी हटकून म्हणे, "आता कर बरे काहीतरी बडोद्याचे." मी आपली कांद्याची भजी तळी.

प्रत्यक्षात तिथे शरीरशास्त्र होते, आहारशास्त्र होते, मानसशास्त्र होते, आणि संख्याशास्त्राचा एक पेपर होता, ज्याने माझी तीन वर्षे झोप उडवली. व्याख्याने इंग्रजीत, बालवाडीतली मुले गुजरातीत, मामांकडचे जेवण मराठीत. फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या शाळेला 'बालोद्यान' अशा अर्थाचे नाव दिले, माँटेसरीने 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, हे सगळे पाठ केले. परंतु परीक्षेपुरता अभ्यास आणि मनात उतरलेला अभ्यास यांत फरक असतो. मनात उतरलेल्यांपैकी पहिला धडा मला विद्यापीठात नव्हे, आमच्या धुळ्याच्या माजघरात मिळाला.

त्या सहामाहीत आम्ही पियाजे शिकत होतो. या स्विस गृहस्थाचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यायचे. मुलाला विचारायचे, "सारखे आहे ना?" ते हो म्हणते. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच निमुळत्या पेल्यात ओतायचे आणि पुन्हा विचारायचे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा सांगते की उंच पेल्यात जास्त आहे. सहा-सात वर्षांनंतर हळूहळू ते म्हणू लागते, 'छे, तेवढेच तर आहे!' मुलाला कमी कळते असे नव्हे, त्याला निराळे कळते, असा त्याचा अर्थ.

दिवाळीच्या सुट्टीत मी मोठ्या उत्साहाने हा प्रयोग भाच्यावर करायला बसले. आजी जवळच वाती वळीत होती. तिने दोनदा पाहिले आणि म्हणाली, "अगो, त्यात काय! धाकट्याला दूध नेहमी उंच पेल्यात द्यावे आणि थोरल्याला फुलपात्रात. दूध तेवढेच, पण भांडण होत नाही. थोरल्याला कळू लागले की दोघांनाही फुलपात्रे द्यावी."

मी गप्प बसले. आजीला पियाजे ठाऊक नव्हता, पण पियाजेला आजी ठाऊक असती तर त्याचे काही कष्ट वाचले असते, असे मला आजही वाटते. मात्र त्या दिवशी अण्णांचा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी जास्त अवघड होऊन. आजीला जर हे सगळे ठाऊक आहे तर मी बडोद्याला काय करते आहे?

उत्तर मिळायला आणखी एक वर्ष जावे लागले.

आमच्या विभागात निरीक्षणाचे काम फार कडक होते. शहरातल्या एका बालवाडीत जायचे, एक मूल निवडायचे आणि सहा आठवडे रोज वीस मिनिटे ते मूल काय करते ते लिहायचे. नियम दोन. पहिला, मध्ये पडायचे नाही. दुसरा, विशेषण वापरायचे नाही. 'हट्टी', 'लाजाळू', 'हुशार', 'रडवा' यांपैकी काही लिहायचे नाही. 'रडला' चालेल, 'रडवा' चालणार नाही. आमच्या बाई म्हणत, "विशेषण लिहिले की पाहणे थांबते."

हा नियम ऐकायला सोपा वाटतो. घरी बसून आपल्या कोणत्याही नातेवाइकाविषयी विशेषणावाचून पाच ओळी लिहून पाहा.

मी निवडलेली मुलगी साडेतीन वर्षांची होती. वहीत नावे लिहायची नसत, म्हणून ती 'चौदा' होती. तिचे वडील गवंडी. जवळच एक इमारत चालू होती, तिथे आईबाप दोघेही कामाला. बालवाडीतल्या बाई प्रेमळ होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले, "दुसरी कोणी घ्या. ही मुकी आहे, आणि थोडी मंदही. हिच्यात तुम्हाला लिहायला काही मिळणार नाही." मी तिलाच घेतले. त्यात दयाबुद्धी किती आणि मुके मूल लिहायला सोपे जाईल हा हिशेब किती, ते आता सांगता येणार नाही.

पहिला आठवडा बाईंचे म्हणणेच खरे ठरत होते. चौदा भिंतीशी बसते. चौदा गाणे चालू असताना दाराकडे पाहते. चौदाला 'डबा काढ' म्हटले, चौदाने डबा काढला नाही. शेजारच्या मुलीने काढला, मग चौदाने काढला. असे पानामागून पान. नवव्या दिवशी मी लिहिले : 'चौदाने चिंधीची बाहुली घेतली. कोपऱ्यात गेली. ओठ हलले.' दहाव्या दिवशी पुन्हा ओठ हलले. बाराव्या दिवशी मी माझे बसकर उचलून चार हात पुढे सरकले.

ती बाहुलीला रागावत होती. चांगली घडाघडा रागावत होती, आणि तिला 'आंडेर' म्हणत होती.

माझ्या आईचे माहेर अमळनेरकडचे. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, हे मला कोणी शिकवायला नको होते. चौदा खानदेशची होती. अहिराणी बोलत होती. त्या खोलीत तिची भाषा समजणारे बाहुलीखेरीज कोणी नव्हते, आणि आता मी होते, आणि मला बोलायची बंदी होती!

तो नियम मी पाळला. फार जड गेले. पुढे चार आठवडे मी तिचे वाक्यन् वाक्य लिहून घेतले. कोणाचा बाप कुठे गेला, भाकरी कोणी खाल्ली, बाहुलीने पाय का धुतले नाहीत. मंद म्हटलेली ती मुलगी बाहुलीला काल, आज आणि उद्या यांतला फरक समजावून देत होती. सहा आठवडे पुरे झाल्यावर मी वही आमच्या बाईंना दिली. त्यांनी ती वाचली आणि फक्त इतकेच म्हणाल्या, "आता ही बालवाडीच्या बाईंना वाचून दाखवा. तुमचे मत सांगू नका. नुसती वाचा."

मी वाचली. बालवाडीच्या बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या इमारतीवर गेल्या आणि चौदाच्या आईकडून दहा-बारा शब्द लिहून घेऊन आल्या. कोणी हे त्यांना करायला सांगितले नव्हते.

मग चौदा एकदम बोलू लागली, असे काही झाले नाही. तीन आठवड्यांनी एके दिवशी तिने बाईंचा पदर ओढला आणि पाणी मागितले. पाणी की पानी, एवढाच काय तो फरक. तो शब्द तिन्ही भाषांत इतका सारखा, की ती कोणत्या भाषेत बोलली यावर बालवाडीत दोन दिवस वाद चालला. पुढे पावसाच्या आधी इमारत पुरी झाली आणि ते कुटुंब दुसऱ्या कामावर गेले. चौदा आता पन्नाशीच्या आसपास असेल.

तेव्हा मला आजीचे आणि विद्यापीठाचे अंतर दिसले. आजीला मुले कळत, आणि पुष्कळ कळत. पण तिची विशेषणे पक्क्या रंगाची होती. मधल्या काकांना तिने तिसऱ्या वर्षी मठ्ठ म्हटले. ते कचेरीत हेडक्लार्क झाले, अठ्ठावन्नाव्या वर्षी सत्कार घेऊन निवृत्त झाले, पण घरात ते शेवटपर्यंत मठ्ठच राहिले. शिवाय आजीची मुले तिच्याच घरची, तिच्याच भाषेची. गवंड्याची पोर तिच्या माजघरात आली असती तर तिने तिला भाकरी दिली असती, आणि मुकी म्हटले असते.

शिक्षण पुरे झाले तसे स्थळे येऊ लागली. "मुलगी काय शिकली?" "बालविकास." "वा! म्हणजे पुढे स्वतःच्या मुलांना उपयोग होईल." हे वाक्य मी निरनिराळ्या घरच्या तोंडून पाच वेळा ऐकले. लग्न झाले. मूल झाले नाही. त्यानंतर तेच लोक हळहळू लागले की मुलीचे शिक्षण वाया गेले. डॉक्टर स्वतःच्याच आजारासाठी वैद्यक शिकतो असे कोणी म्हणत नाही. यावर मला पुष्कळ लिहिता येईल, पण लिहीत नाही.

माझी उरलेली वर्षे बालवाडीच्या आणि अंगणवाडीच्या बायकांना शिकवण्यात गेली. योगायोग असा की मी बडोद्याला गेले त्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, देशातल्या 33 गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी कागदावर आला. त्यामागची कल्पना मात्र सरकारी नव्हे. ताराबाई मोडक राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. आमच्या घरच्या उतरंडीप्रमाणे पाहिले तर पुसलेली खुर्ची सोडून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढे 1945 पासून बोर्डीला आणि मग कोसबादच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी काम केले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरवली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे घेतले. मुले का येत नाहीत हे मुलांना विशेषण न लावता पाहिले म्हणजे काय होते, त्याचा मला माहीत असलेला सर्वांत मोठा नमुना हा आहे.

माझ्यापुढे शिकायला बसणाऱ्या बायका सातवी-दहावी झालेल्या असत. त्यांच्याकडे पोषण आहार, लसीकरण, वजने, गरोदर बायकांच्या भेटी, आणि या सगळ्यांतून उरलेल्या वेळात मुलांचे शिक्षण. त्यांच्या हाती पडते ते मानधन. त्याला पगार म्हणत नाहीत. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले, म्हणजे योजना सुरू होऊन सत्तेचाळीस वर्षे होत आली तेव्हा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे की मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते. त्याच धोरणात बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेलीसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला आहे, आणि तो मोबाइलवरूनही करता येईल असे आहे. काही नसण्यापेक्षा हे बरेच. पण विशेषण गिळायला मला सहा आठवडे रोज वीस मिनिटे बसावे लागले होते, तेही कडक बाई पाठीशी असताना.

आता माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, बारावीनंतरच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेली आहे, आणि तिने सगळ्यांत लहान मुलांचा टप्पा निवडला आहे. तीन ते आठ वर्षे. भावाने मला फोन करून विचारले, "आक्का, पोरे सांभाळायला चार वर्षे?" आवाज थेट अण्णांचा. मी म्हटले, "कमीच आहेत."

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. पहिलेच निरीक्षण होते, ते तिने वाचून दाखवले : 'मुलाने ठोकळा उचलला. खिडकीकडे पाहिले. ठोकळा परत ठेवला.' मग म्हणाली, "आत्या, तो घाबरला असेल का गं?"

"ठोकळा कोणत्या हाताने उचलला?" मी विचारले.

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही.

"ते पाहिले नाही," ती म्हणाली. "उद्या पाहते."