अप्पांचा ट्रान्झिस्टर आणि भाच्याची गाडी

बिदर-भालकीकडच्या पोरांना लहानपणी विमानाचं वेड लागतंच. बिदरला एअर फोर्सचं ट्रेनिंग, १९९६ साली सूर्यकिरण पथक उभं राहिलं तेही तिथंच. डोक्यावरून आवाज गेला की जेवण सोडून अंगणात पळायचं, हे आपल्या सगळ्यांनी केलेलं आहे. माझा भाचा कलबुर्गीचा, पण सुट्टीत आजोळी यायचा तो विमानं बघायलाच. इंजिनिअरिंगला गेल्यावर रिमोटचं विमान करतो म्हणाला. विमानतळाच्या परिसरात असलं काही उडवायचं नसतं, म्हणून गडी गाडीवर आला. ही २०१४ ची गोष्ट.

कॉलेजात दरवर्षी रिमोट गाड्यांची शर्यत व्हायची. चार मित्रांनी मिळून गाडी बांधायला घेतली. सांगाडा, मोटर, चाकं सगळं जमत आलं. अडलं कुठं, तर रिमोट कुठला घ्यायचा. आणि हा प्रश्न साधा नव्हता, कारण आदल्या वर्षी त्याच मैदानावर एका पोराची पेट्रोलसारख्या इंधनावर चालणारी नायट्रो गाडी सिग्नल सुटून प्रेक्षकांत घुसली होती. पुढं बसलेल्या एका लहान मुलाच्या नडगीला टाके पडले. भाच्यानं ते डोळ्यानं बघितलेलं.

आता आमच्या अप्पांबद्दल. भालकीत त्यांनी ३० वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक कानडी, मराठी, उर्दू, सगळ्या बोलीचं. कुणाला परभणी केंद्र स्पष्ट लागायला हवं, कुणाला कलबुर्गी, कुणाला हैदराबाद. अप्पा काट्याखाली नेलपॉलिशचा ठिपका लावून द्यायचे, म्हणजे म्हाताऱ्या माणसालाही स्टेशन सापडावं. रात्री मिडियम वेव्हवर लांबची स्टेशनं जवळच्यांवर येऊन बसायची, त्याला ते "चढलं" म्हणायचे. परभणीवर कुणीतरी चढलंय, आता सकाळीच ऐका. मोबाईल आले आणि दुकान मी रिचार्ज आणि दुरुस्तीचं केलं. अप्पा मागच्या खोलीत बसायचे, कुणी काही विचारायला यायचं नाही.

भाचा दोन पर्याय घेऊन आला. एक, पुण्यातल्या ओळखीच्याचा जुना सेट, २७ मेगाहर्ट्झचा, १२०० रुपयांत. दुसरा, फ्लायस्काय कंपनीचा नवा पिस्तुलासारखा रिमोट, २.४ गिगाहर्ट्झचा, तीन हजारांच्या वर. चौघांकडं मिळून शिल्लक होते दीड हजार. अक्का फोनवर मला म्हणाली, "परीक्षेची फी भरू का ह्याचा खेळ घेऊ? तूच सांग त्याला." मी काय सांगणार. मला वाटलं अप्पा जुन्या सेटच्या बाजूनं बोलतील. जुनी वस्तू म्हणजे त्यांचा जीव.

अप्पांनी आधी एवढंच विचारलं, "तिथं गाड्या किती असतील?"

"आठ-दहा, आबा."

"आणि ह्या २७ वर जागा किती?"

भाच्यानं सांगितलं ते बरोबर होतं. २७ मध्ये ठरलेल्या सहा जागा, प्रत्येकीला रंग. तपकिरी २६.९९५, लाल २७.०४५, नारिंगी २७.०९५, पिवळा २७.१४५, हिरवा २७.१९५, निळा २७.२५५. रिमोटमध्ये आणि गाडीत त्या-त्या जागेचं क्रिस्टल बसवायचं, जोडीनं. दोन गाड्यांचा रंग एक असला की एकीनं थांबायचं. त्यात जत्रेत, बाजारात मिळणाऱ्या चिनी खेळण्यातल्या कितीतरी गाड्या ह्याच पट्ट्यात. आमच्या गल्लीत दिवाळीला दोन चुलत भावांनी सारखीच गाडी आणली होती, तर एकाच्या रिमोटनं दोन्ही गाड्या नालीत गेल्या आणि घरात आठ दिवस अबोला.

अप्पा म्हणाले, "म्हणजे चढणार. नक्को बोले तो नक्को." ते ठाम झाले की दखनीत शिरायचे.

नवा रिमोट कसा वेगळा, हे त्यांना समजावणं माझ्याकडं आलं. मी म्हणलं, अप्पा, ह्यात जागा ठरवून द्यावी लागत नाही. प्रत्येक रिमोटचा स्वतःचा नंबर असतो. पहिल्यांदा गाडीतल्या रिसीव्हरशी त्याची गाठ घालून द्यायची, त्याला बाइंड करणं म्हणतात. मग बसस्टँडवर शंभर माणसं ओरडत असली तरी लेकरू आईचीच हाक ओळखतं, तसं ते रिसीव्हर बाकीच्यांकडं लक्ष देत नाही. शिवाय रिमोट एका जागी बसत नाही, त्या पट्ट्यात उड्या मारत राहतो. एका ठिकाणी गर्दी असली तरी दुसऱ्या ठिकाणी निरोप पोचतो.

त्यांनी लगेच विचारलं, "लायसन?" त्यांच्या काळात नुसता रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टातून लायसन काढावं लागे, ती पुस्तिका अजून ट्रंकेत आहे. म्हणलं, २.४ चा पट्टा सरकारनं २००५ सालीच ठरावीक ताकदीपर्यंत मोकळा केलाय, वायफाय त्याच्यावरच चालतं.

मग बराच वेळ गप्प. आणि शेवटी जे विचारलं, ते चार इंजिनिअर पोरांपैकी एकानंही विचारलं नव्हतं: "गाडी पळते ते कळलं. निरोप तुटला तर ती काय करते?"

ह्याला फेलसेफ म्हणतात. सिग्नल गेला की रिसीव्हरनं आपण होऊन मोटर बंद करायची. पुण्याच्या त्या जुन्या सेटमध्ये हे नव्हतंच. नव्यात होतं, पण ते आधी शिकवून ठेवावं लागतं, आणि शिकवायची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी. अप्पांच्या लेखी विषय तिथंच संपला. चार दिवसांनी त्यांनी दुकानातला मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ हैदराबादच्या एका जुन्या वस्तूवाल्याला दिला आणि पैसे भाच्याच्या हातात ठेवले. मला विचारलं नाही. अक्का दोन दिवस रडली, तिचं सगळं लहानपण त्या रेडिओपुढं गेलेलं.

रिमोट आला, तर नवीनच लचांड. मोटर जोरात फिरवली की स्टिअरिंग थरथरायचं. पोरं म्हणाली कंपनीच बोगस. अप्पांनी खिशातला छोटा ट्रान्झिस्टर काढला, दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवला आणि गाडीजवळ नेला. मोटर फिरली की नुसता खरखराट. ब्रशची मोटर आतल्या आत ठिणग्या टाकते, तो कचरा हवेतून आणि तारांतून रिसीव्हरपर्यंत जातो. त्यांनी डब्यातून १०४ नंबरचे तीन सिरॅमिक कपॅसिटर काढले. एक मोटरच्या दोन टोकांत, बाकीचे दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याला. पुन्हा ट्रान्झिस्टर लावला, खरखर जवळजवळ गेली. तरी चाक एकदम वळवलं की क्षणभर गाडी मरायची. सर्व्हो जास्त करंट ओढतो, रिसीव्हरचा व्होल्टेज पडतो आणि ते पुन्हा चालू व्हायला वेळ घेतं. अप्पांनी रिसीव्हरच्या रिकाम्या खोबणीत १६ व्होल्टचा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. रेडिओच्या पॉवर सप्लायमध्ये आयुष्यभर हेच तर केलेलं. चौघं पोरं जमिनीवर मांडी घालून बघत होती.

अँटेनाचंही त्यांनीच लक्षात आणून दिलं. २७ ची लहर ११ मीटरची, म्हणून त्या सेटच्या गाडीला लांब तार लोंबायची. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटर, तिचा पाव भाग म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास. एवढंसं टोक, पण तेच ऐकतं. पोरांनी ते बॅटरीखाली दाबून टाकलं होतं. प्लॅस्टिकच्या नळीत घालून उभं केलं, आणि बिदरच्या लाल मुरमाच्या माळावर दीडशे पावलांपर्यंत गाडी बिनतक्रार ऐकायला लागली.

शर्यतीच्या दिवशी मी आणि अप्पा हुमनाबादवरून बसनं कलबुर्गीला गेलो. तेव्हा बिदर-कलबुर्गी रेल्वे कुठली, ती २०१७ ला सुरू झाली. मैदानावर २७ वाल्यांसाठी दोरीवर रंगीत कपड्याचे चिमटे लावले होते. ज्याच्याकडं चिमटा त्यानंच रिमोट चालू करायचा. दोन पिवळे निघाले आणि अर्धा तास वाद. आमचा भाचा निवांत चहा पीत होता.

दुसऱ्या फेरीत घोळ झाला. वळणावर एक पोरगं त्याला धडकलं, रिमोट हातातून सुटला, झाकण उघडून सेल मातीत. गाडी भरधाव, तोंड पट्टीपलीकडं बसलेल्या लहान पोरांकडं. मी उभाच राहिलो. मोटरचा आवाज तिथंच तुटला आणि गाडी घरंगळत पट्टीच्या हातभर आधी थांबली. अप्पा खुर्चीवरून हललेसुद्धा नाहीत. मला म्हणाले, "रात्री चाकं वर उचलून दहा वेळा रिमोट बंद करून बघितलंय मी."

नंबर आला नाही. सर्व्होचे दात गेले होते, तिसऱ्या फेरीला गाडी उतरलीच नाही.

अप्पा २०१९ ला गेले. दुकानात आता अधूनमधून शाळेची पोरं रिमोट गाड्या घेऊन येतात, यूट्यूब बघून बांधलेल्या. फ्रिक्वेन्सीचा प्रश्न आता कुणाला पडत नाही, सगळं २.४ च असतं. पण रिमोट आधी चालू, मग गाडी, आणि बंद करताना आधी गाडी, हे मी प्रत्येकाला सांगतो. चाकं वर उचलून फेलसेफ बघितल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जाऊ देत नाही. मोटर खरखरतेय का ते अप्पांच्याच ट्रान्झिस्टरवर ऐकतो. परभणीचा ठिपका त्याच्यावर अजून आहे, थोडा उडालाय.